आजच पाठवायचा माल

"तोंडं उघडा! एकजणही सुटणार नाही. मीसुद्धा उघडणार आहे!"

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष मालाच्या शेडमध्ये ओट्यावर चढून असे ओरडले, तेव्हा माझ्या डोक्यावर खरबुजांची पाटी होती. मी ती खाली उतरवली. म्हटलं, बाई गं, ह्या माणसाला ऊन लागलं की काय! आणि ऊन होतंही तसंच. सकाळीच पत्रा तापून तडतडत होता, वाऱ्याबरोबर माती उडून दातांत करकरत होती. अशा दिवशी माणसानं तोंड मिटून काम करावं, तर हे म्हणतात उघडा.

पण अध्यक्षांचंही अगदीच चुकलं नव्हतं. आमचं गाव पिकवतं ते खरबूज, दुसरं काही नाही. तळ्याच्या अंगाला एक तुकडा आम्ही बियाण्यासाठी राखतो. तिथलं फळ तोडायचं नाही, विकायचं नाही, खायची तर बातच सोडा. वेलावरच पिकू द्यायचं, आणि वास कुंपणाबाहेर यायला लागला की सगळ्यांनी मिळून फोडायचं, बी धुऊन वाळवायचं आणि घरोघरी वाटून घ्यायचं. जो त्या फळाला हात लावील, त्याला पुढच्या हंगामाला बी मिळत नाही. बी नाही म्हणजे शेत पडीक. तर त्या दिवशी पहाटे कुंपणाला हे एवढं भगदाड, वेल तुडवलेले आणि चांगली चांगली फळं गायब.

"मी झोपलो नव्हतो," राखणदार भेटेल त्याला सांगत होता. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगत होता.

आता चोर शोधायचा कसा? दुसऱ्या गावात पोलीस बोलावतील, पावलांचे ठसे बघतील. आमच्या गावात नाकोबा आहेत.

नाकोबा म्हणजे शेडमधले वास घेणारे म्हातारबाबा. फळ उचलायचं, देठाकडून हुंगायचं आणि खडूनं खूण करायची, हे त्यांचं काम. एक रेघ म्हणजे कच्चं, राहू द्या. दोन रेघा म्हणजे उद्या. आणि फुली म्हणजे आजच पाठवा. फुलीचा माल शेडमध्ये ठेवायचा नाही, असा सोसायटीचा नियमच आहे. एका साली फुलीची चार फळं कोपऱ्यात राहिली आणि त्यांच्या पायी सगळा ढीग सडला, तेव्हापासून फुली पडली की गाडी सुटलीच पाहिजे. अध्यक्षांच्या सख्ख्या बापालाही ती अडवता येत नाही. तर अशा ह्या नाकोबांनी गावाचं एकेक तोंड हुंगायचं आणि बियाण्याचं खरबूज कुणाच्या पोटात आहे ते सांगायचं, असं ठरलं. हसू नका. आम्ही सगळे गंभीर चेहऱ्यानं रांगेत उभे होतो.

पहिले आमचे हे. हे सोसायटीचा टेम्पो चालवतात, आणि अध्यक्ष समोर आले की ह्यांचा आवाज इंजिनासारखा बसतो.

"कांदा," नाकोबा म्हणाले. "पुढं चला."

मग मी.

"लसूण. आणि राग."

"रागाला कधी वास असतो का हो?"

"तुझ्या रागाला असतो. पुढं चल."

अध्यक्षांनी सगळ्यांसमोर ऐटीत तोंड उघडलं. नाकोबांनी बराच वेळ नाक तिथंच ठेवलं. "पेपरमिंट," ते म्हणाले. "आणि त्याच्या खाली तंबाखू." अध्यक्षीणबाईंनी नवऱ्याकडे असं काही बघितलं की चोरी बाजूलाच राहिली. अध्यक्ष घाईघाईनं ओरडले, "कोण राहिलंय? यायचं कोण राहिलंय?"

"हिचा दीर," राखणदारानं माझ्याकडे बोट केलं.

"भावजी आजारी आहेत," मी म्हटलं. "ताप आहे, उलट्या होतायत. अंथरुणातून उठत नाहीत."

"नेमके आजच आजारी?"

"परवापासून आहेत! आजारी पडायला काय तुमची परवानगी काढायची?"

पण माझं ऐकतो कोण! राखणदार गेलाच पळत, अंगात वारं भरल्यासारखा.

भावजी म्हणजे माझा धाकटा दीर. मी ह्या घरात आले तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता, आणि तेव्हापासूनच त्याला साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यायची, मग जेवायचं. स्वभाव असा की मुंगीवर पाय पडला तरी सॉरी म्हणेल. तो बियाण्याचं फळ चोरणार? आणि चोरून गोड खाणार? ज्यानं लग्नातसुद्धा स्वतःच्या वाटणीचं गोड मला दिलं, तो?

राखणदार त्यांना घेऊन आला. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. डोळे आत गेलेले, ओठांना भेगा, आणि छाती अशी खालीवर होत होती जशी काही मागं कुत्रं लागलंय. एका बाजूनं धाकटीनं, म्हणजे माझ्या जावेनं, धरलेलं. दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. दोन पावलं टाकायची, कॅन तोंडाला लावायचा, पुन्हा दोन पावलं.

नाकोबांना जवळ जायचीसुद्धा गरज पडली नाही. त्यांनी लांबूनच हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "फळ आलं."

शेडमध्ये एकच गलका झाला. नाकोबा पुढं झाले, भावजींच्या तोंडाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. "पिकलेलं," ते म्हणाले. "नुसतं पिकलेलं नाही, उतरायला लागलेलं. गोड आहे, पण आत आंबूस धार आहे. असा वास बियाण्याच्याच फळाला."

"पकडला!" राखणदारानं उडी मारली. "मी झोपलो नव्हतो!"

"अहो, ह्यांनी दोन दिवसांत अन्नाचा कण तोंडात घेतला नाही!" धाकटी रडकुंडीला आली. "पाणीसुद्धा पोटात ठरत नाहीये!"

"मग एवढी तहान कशानं लागली?" अध्यक्षांनी विचारलं. "एवढं पाणी कोण पितं? ज्यानं पोटभर गोड हाणलंय तोच पितो."

भावजींनी कॅन तोंडाला लावला. पाणी प्यायले आणि बाहेर निघाले.

"पळतोय!"

"लघवीला जातायत हो!" धाकटी म्हणाली. "सकाळपासून हेच चाललंय, प्यायचं आणि जायचं."

राखणदार बरोबर गेला, पहारा द्यायला. कुंपणाशी भावजी उभे आणि त्यांच्या पाठीशी हा काठी घेऊन उभा. परत येताना वाटेत त्यांना उलटी झाली. तर काय सांगू तुम्हाला, हा बाबा काठीनं ती उलटी ढवळायला बसला. बी शोधत होता!

"आहे का?" अध्यक्ष ओट्यावरून ओरडले.

"नुसतं पाणी आहे. बिया चावून खाल्ल्या असतील!"

माझं डोकं फिरलं. मी धाकटीला बाजूला ओढलं. "सुई कधी दिलीस?"

तिनं मान फिरवली.

"अगं बोल ना, सुई कधी दिलीस?"

"ताप आला तेव्हापासून नाही दिली, वहिनी. हे म्हणाले, मी जेवतच नाही तर साखर येणार कुठनं? रिकाम्या पोटी सुई घेतली आणि साखर एकदम खाली गेली तर? मलाही ते पटलं."

पटणारच. मलासुद्धा ऐकताना क्षणभर पटलं. पोटात काही गेलं नाही, तर सुई कशाला? पण समोर तो माणूस श्वासासाठी झगडत होता, ते काही पटत नव्हतं.

मी भावजींजवळ गेले. "भावजी, मला ओळखलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे डोळे माझ्याकडे वळले, एवढंच. "आई," ते म्हणाले, "पाणी दे ना."

त्यांची आई जाऊन कैक वर्षं झालीत. हा माणूस आता आपल्यासमोर, ह्या शेडमध्ये, ह्या मूर्खांच्या घोळक्यात मरणार, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

"टेम्पो काढा," मी आमच्या ह्यांना म्हटलं. "दवाखान्यात न्यायचंय."

हे उठले, आणि अध्यक्षांकडे बघून परत बसले.

"टेम्पो सोसायटीचा आहे," अध्यक्ष म्हणाले. "माल भरून खुणा झाल्याशिवाय तो हलत नाही. आणि निवाडा झाल्याशिवाय आरोपी हलत नाही. आजारपणाचं नाटक आम्ही पुष्कळ बघितलंय. काय रे, बियाण्याचं फळ खाल्लंस की नाही? सरळ सांग!"

"झाकण ठोकायचं राहिलंय," भावजी म्हणाले.

"कसलं झाकण?"

"विहिरीचं."

"बघा! बोलणं फिरवतोय. पक्का मुरलेला आहे!"

"त्याला शुद्ध नाहीये!" मी किंचाळले. "तुम्हाला आहे का?"

मग जी बाचाबाची झाली ती काही विचारू नका. अध्यक्ष म्हणतात नियम, मी म्हणते माणूस. ते म्हणतात गावाचं बियाणं, मी म्हणते गेलं खड्ड्यात. कुणी म्हणतं पाणी द्या, कुणी म्हणतं पाणी देऊ नका, पाण्यानं वास जाईल आणि पुरावा बुडेल! आणि ह्या सगळ्या गोंधळात नाकोबा आपले एकटेच भावजींच्या तोंडाशी वाकलेले. अधूनमधून मान हलवत होते. कपाळाला आठी.

"काय झालं?" मी त्यांच्यावर खेकसले.

"वाढतोय," ते म्हणाले.

"काय वाढतंय?"

"वास. मघापेक्षा पुढं गेलाय. खाल्लेल्या फळाचा वास तोंडातनं हळूहळू कमी होतो, हा चढतोच आहे. माझ्या उभ्या जन्मात असं बघितलं नाही." म्हातारा खरंच घाबरला होता. "हे खरबूज असतं ना पोरी, तर मी मागंपुढं न बघता फुली मारली असती."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या हातातल्या खडूकडे बघितलं.

"मग मारा," मी म्हटलं.

"आँ?"

"मारा फुली! तुमचं नाक काय सांगतंय ते करा. फळ की माणूस, हे ठरवायचं काम तुमचं नाही. तुमचं काम वासाचं."

"अगं पण..."

"नाकोबा, आजवर तुमच्या नाकानं फुली सांगितली आणि तुम्ही मारली नाही, असं कधी झालंय?"

ते मात्र म्हाताऱ्याच्या वर्मी लागलं. ताठ उभा राहिला, आणि भावजींच्या सदऱ्यावर छातीच्या मधोमध ही एवढी फुली ओढली. खडू मोडला.

"अध्यक्ष," मी म्हटलं, "फुलीचा माल आहे. शेडमध्ये ठेवायचा नाही. नियम तुमचाच."

अध्यक्षांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माणसासाठी नियम मोडायला हा माणूस तयार नव्हता, हे तुम्ही बघितलंच. पण खरबुजांचा नियम मोडायचा म्हणजे त्याच्या जिवावर येत होतं. शेवटी म्हणाले, "एकट्या मालासाठी गाडी नाही सुटत. बाकीचं फुलीचं चढवा आधी."

"चढवतो!" आमचे हे एकदम उठले. लग्नानंतर मला ह्यांचा अभिमान वाटला ते प्रसंग बोटावर मोजण्यासारखे आहेत, त्यातला हा एक. मागं गवत अंथरलं, त्यावर भावजींना निजवलं आणि चहूबाजूंनी खरबुजं लावली, म्हणजे वळणावर ते घरंगळू नयेत. धाकटी उशाशी. मी पायथ्याशी. आणि नाकोबा, कुणी बोलावलं नसताना, काठी टेकत टेकत वर चढले.

"तुम्ही कशाला?"

"माल माझ्या फुलीचा आहे," ते म्हणाले. "पोचेपर्यंत जबाबदारी माझी."

दवाखान्याच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा तिथला माणूस खरबुजं बघून म्हणाला, भाजी-फळं मागच्या दारानं. मी त्याला फुली मारलेलं खरबूज दाखवलं, मग फुली मारलेला माणूस दाखवला. तो स्ट्रेचर आणायला पळाला.

डॉक्टरीणबाई तरुण होती. भावजींच्या जवळ गेली, एक श्वास घेतला आणि लगेच विचारलं, "सुई कधीपासून बंद आहे?" धाकटीनं रडत सांगितलं. बोटातलं रक्त यंत्राला लावलं, तर यंत्रावर आकडाच येईना. साखर एवढी वर गेली होती की मोजायची सोय संपली होती. मग एकदम धावपळ सुरू झाली. दोन्ही हातांना सलाईन, एका नळीतून थेंबथेंब इन्सुलिन, रक्त तपासायला पाठवलं, छातीला वायरी लावल्या.

"पण हे तर जेवतच नव्हते," धाकटी पुन्हा पुन्हा म्हणत होती. "साखर आली कुठनं?"

"आजारपणात शरीर स्वतःच साखर रक्तात सोडतं," बाई हातानं काम करता करता म्हणाली. "तापात तर जास्तच. इन्सुलिन नसलं की ती साखर शरीराला वापरता येत नाही. मग ते चरबी जाळायला लागतं, आणि त्यातनं रक्तात आम्ल साठतं. हा वास त्याचाच. साखर लघवीवाटे जाते आणि जाताना अंगातलं सगळं पाणी घेऊन जाते. जेवण बंद असलं तरी सुई मनानं बंद करायची नसते. उलट तेव्हा जास्त वेळा साखर तपासायची, आणि उलट्या थांबत नसतील तर सरळ इथं यायचं. अजून थोडा उशीर केला असतात, तर मी काही करू शकले नसते."

"वाचतील ना?" मी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही," ती म्हणाली. खोटं बोलली नाही. मला तिचा राग आला आणि विश्वासही वाटला.

"हा वास फळाचा नाही?" कोपऱ्यातून नाकोबांनी विचारलं.

"नाही आजोबा."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. आयुष्यभर ज्या नाकाच्या जोरावर मान वर ठेवून चालला, ते नाक हातानं झाकून बसला. मला त्याची दया आली, पण थोडीच.

मग आम्ही वाट बघत बसलो. तासातासाला नर्स यायची, बोटातलं रक्त घ्यायची, आकडा बघायची. ती गेली की नाकोबा उठायचे, पलंगाजवळ जाऊन वाकायचे आणि बाहेर येऊन आम्हाला सांगायचे. "तसाच आहे." पुढच्या तासाला, "तसाच आहे." धाकटी माझा हात असा धरून बसली होती की बांगडीचा वळ उठला. दुपारी एकदा नर्सनं नाकोबांना पेशंटच्या तोंडाशी वाकलेलं बघितलं आणि भलती शंका येऊन बाहेर काढलं. तर हे दाराच्या फटीला नाक लावून उभे! ऊन कललं तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"उतरतोय," म्हणाले. "पोरी, वास उतरतोय."

तेवढ्यात नर्स बाहेर आली आणि म्हणाली, आकडा खाली यायला लागलाय. धाकटी तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडली. मीही रडले, कशाला खोटं बोलू.

दुसऱ्या दिवशी भावजी शुद्धीवर आले. आवाज खोल गेलेला, पण मला "वहिनी" म्हणाले. तो शब्द मला तेव्हा एवढा गोड लागला की काय सांगू. आणि तेवढ्यात दारात कोण? तर अध्यक्ष! मागं राखणदार, आणि त्याच्या मागं निम्मी सोसायटी, सगळे पायताणं हातात घेऊन.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. खाली बघून पुटपुटले, "कोल्हा होता. काल रात्री परत आला होता. दोन पिल्लं होती बरोबर."

"मग?"

"मग काय? निवाडा मागं घेतला."

निवाडा मागं घेतला म्हणे! मी पदराआड काय काय शब्द जमवून ठेवले होते, ते सगळे जिभेवर आले. आज मी ह्या माणसाला सोडणार नव्हते. सगळ्यांसमोर, पेशंटांसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर बोलणार होते. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पलंगावरून भावजी बोलले.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "या ना, बसा. मला नीटसं काही आठवत नाही. पण एवढं आठवतंय, तुम्ही सगळे माझ्यासाठी शेडमध्ये जमला होतात. अख्खं गाव काम टाकून आलं होतं. नाकोबा तर किती वेळ अगदी तोंडाशी वाकून बघत होते. हा राखणदार, मला लघवीला जाताना तोल जाऊ नये म्हणून पाठीशी उभा होता." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "आणि तुम्ही सोसायटीचा टेम्पो दिलात. मी एवढा कोण लागून गेलो हो, की गावानं एवढी माया करावी?"

राखणदार छताकडे बघायला लागला. अध्यक्षांनी घसा साफ केला, आणि मला शपथेवर वाटलं की आता हा माणूस लाजेल.

"अरे, त्यात काय," अध्यक्ष म्हणाले. "आपलं कर्तव्यच आहे ते." आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी स्वतःचे डोळे पुसले. अगदी मनापासून पुसले. त्या बाबाचा स्वतःचाच विश्वास बसला होता!

मी पुढं झाले, सांगूनच टाकते म्हणून. पण भावजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कालपर्यंत त्या अंगात घोटभर पाणी उरलं नव्हतं. जीभ टाळूला चिकटली होती, डोळे कोरडे ठणठणीत खोबणीत बसले होते. बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, रात्रभर चढवल्या, तेव्हा कुठं आता रडायला पुरेल एवढं पाणी त्यांच्या अंगात आलं होतं. म्हटलं, रडू दे. अध्यक्षांच्या नावानं रडतोय, तर अध्यक्षांच्या नावानं रडू दे.